हेलियमची पावती

एप्रिलचा दुसरा शनिवार. सस्कॅचवानमध्ये
बर्फ अजून गेला नव्हता, नुसता मळला होता.
दुकानामागे, वेल्डिंगच्या रॉडचे खोके रचतो तिथे
सोलोमियाने निळी ताडपत्री अंथरली
आणि म्हणाली, बाबा, हातमोजे घाल,
बोटांचं तेल लागलं तर रबर वर जाऊन फाटतं.
एकतीस वर्षं याच हातांनी गॅस विकला,
कुणी त्यांची एवढी धास्ती घेतली नव्हती.

टोरंटोचं पत्र येऊन नऊ दिवस झाले होते.
बाकीची पोरं केक कापतात, गाड्यांचे भोंगे वाजवत गावभर फिरतात.
हिला ते पत्र तीस किलोमीटर वर नेऊन आणायचं होतं.
थर्मोकोलचा डबा, डब्यात कॅमेरा,
शिकारी खिशात ठेवतात त्या ऊबेच्या पुड्या,
पत्राची सुरळी,
आणि डब्याबाहेर, तारेच्या टोकाला टोचलेलं
माझ्या सासूचं बटाट्याचं वारेनिक.
हे कशाला?
वर कुणी उपाशी असलं तर, म्हणाला ब्रेनन.
त्याला एडमंटन मिळालं होतं, त्याला सगळंच विनोदी वाटत होतं.

जोव्हेलिनला कुठेच मिळालं नव्हतं.
डबा कुठे आहे ते सांगणारं यंत्र तिचं.
डाग दिलेला एकेक सांधा मी चष्मा लावून पाहिला.
सांधे मला कळतात.
इतकं स्वच्छ काम मीही तिच्या वयात केलं नसेल,
पण बोललो नाही. त्या सकाळी
ते सांत्वनासारखं ऐकू आलं असतं.

किती भरायचा?
कमी भरला तर फुगा मध्येच कुठेतरी रेंगाळतो,
वाऱ्याबरोबर मॅनिटोबात जातो, मग शोधत बसा.
जास्त भरला तर लवकर फुटतो
आणि जवळच पडतो.
सोलोमियाने मासे तोलायचा काटा दोरीला अडकवला होता.
बास, ती म्हणाली.
माझा हात व्हॉल्व्हवर होता. तो तिथेच राहिला.
बाबा, बास.

सोडला तेव्हा आवाज झाला नाही.
मला वाटलं होतं, काहीतरी आवाज होईल.
कुत्रा तेवढा भुंकला, तोही उशिरा.

मग माझ्या ट्रकमध्ये चौघं आणि एक कुत्रा,
जोव्हेलिन मांडीवर लॅपटॉप घेऊन आकडे वाचतेय,
अठरा हजार, बावीस हजार,
मी तिच्या आकड्यांवर गाडी वळवतोय.
सत्तावीस हजारांवर ती थांबली. फुटला.
ठरल्यापेक्षा तीन किलोमीटर आधी.
सोलोमियाने माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे.

डबा उतरला हटराइट लोकांच्या शेतात,
मोहरीच्या गेल्या सालच्या खुंटांत.
ठिपक्यांचे रुमाल बांधलेल्या दोन मुली
त्याच्यापासून दहा पावलांवर उभ्या होत्या, राखणीला.
बॉम्ब आहे का, थोरलीने विचारलं.
नाही, शाळेचं पत्र आहे.
तिने जरा विचार केला. वाईट बातमी आहे का?
कुणीच पटकन उत्तर दिलं नाही.
मग जोव्हेलिन म्हणाली, हिच्यासाठी नाही,
आणि स्वतःच इतकी हसली
की खाली बसली, ओल्या मातीत.
वारेनिक दगड झालं होतं.
कुत्र्याने ते ट्रकमध्ये मन लावून संपवलं.

रात्री कॅमेऱ्यातलं पाहिलं.
काळं आकाश, भर दुपारचं.
खाली वाकलेली कड, पांढरी आणि तपकिरी.
आपलं दुकान कुठे आलं, मी विचारलं.
सोलोमियाने पडद्यावर बोट ठेवलं.
बोटाखाली अर्धा जिल्हा झाकला गेला.

सोमवारी जोव्हेलिन पैसे द्यायला आली,
तिघांची वर्गणी, बरीचशी नाणी.
नको म्हणालो असतो, पण तिने आधीच मोजून ठेवली होती.
पावती फाडली.
पुढच्या एप्रिलमध्ये एवढाच लागेल का, तिने विचारलं.
एवढाच, मी म्हणालो, पाव वळसा कमी.

ती गेल्यावर सिलिंडर काट्यावर ठेवला.
रिकामा सिलिंडर भरलेल्यापेक्षा हलका भरतो.
गिऱ्हाइकांना हे नेहमी उलटं वाटतं.
मी वजन वहीत लिहिलं
आणि तो मागे नेऊन उभा केला, रिकाम्यांच्या रांगेत.